टोल भरताना आपण नक्की काय विकत घेतो? राज्याच्या टोल कायद्याचा ग्राहक म्हणून रिव्ह्यू, 5 पैकी 2.5 स्टार

रेटिंग सुरुवातीलाच देते, पाचपैकी अडीच. आणि हे रेटिंग रस्त्याचं नाही, टोलचं आहे, म्हणजे आपण जे पैसे देतो त्यांच्या मागे जो कायदा आणि जो करार उभा असतो त्याचं. रस्त्यांचे रिव्ह्यू भरपूर सापडतात, खड्डे किती, फूड मॉल कसा, टॉयलेट स्वच्छ आहे का, नाक्यावर किती वेळ गेला वगैरे, पण टोल ही पण पैसे देऊन घेतलेली सेवाच आहे ना, आणि तिच्या अटी कुणी वाचत नाही कारण त्या पावतीवर छापलेल्याच नसतात. मी अकाउंट्सचं काम करते, करार वाचायची सवय आहे, मुंबई-पुणे आणि पुढे कोल्हापूरपर्यंत स्वतः गाडी चालवते, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि जरा सविस्तरच लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण याच्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. टोल दोन वेगवेगळ्या घरचे असतात. एक केंद्राचा, राष्ट्रीय महामार्गावरचा, त्याला 2008 चे शुल्क नियम लागतात. दुसरा राज्याचा, त्याला राज्याचा कायदा. दोन्हीकडे तोच फास्टॅग, तोच स्कॅनर, तसाच बूम म्हणजे तो वर-खाली होणारा आडवा दांडा, म्हणून आपल्याला वाटतं सगळं एकच आहे, पण तसं अजिबात नाही. 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांचा जो वार्षिक पास सुरू झाला, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक हे सगळे राज्याकडचे, तिथे पास असला तरी नेहमीसारखे पैसे कटणार. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पास काढला तो खास पुण्याला जाण्यायेण्यासाठी आणि मग पहिल्याच फेरीत मेसेज आला की 320 रुपये गेले. पास चांगलाच आहे, नागपूर-अमरावती किंवा पुणे-कोल्हापूर करणाऱ्यांनी जरूर घ्या, फक्त रस्ता कुणाचा आहे ते आधी बघा.

आता राज्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, टोलचा कायदा. इंग्रजांच्या काळातला 1851 चा इंडियन टोल्स अॅक्ट आहे, त्यात सरकारी खर्चानं बांधलेल्या रस्त्यापुलांवर टोल बसवायचा अधिकार दिलेला आहे. आपल्याकडे मात्र मुख्य आधार म्हणजे 1958 चा मोटार वाहन कर कायदा, त्यातलं कलम 20. या कलमाखाली सरकार अधिसूचना काढतं, त्यात दर, मुदत, नाक्याची जागा सगळं येतं, आणि पुढचं सगळं त्या अधिसूचनेवर आणि ठेकेदारासोबतच्या करारावर चालतं. म्हणजे ज्या वस्तूसाठी आपण शेकडो रुपये मोजतो तिचं मूळ वाहन कराच्या कायद्यातल्या एका कलमात आहे, आणि बाकीचे जे तपशील ग्राहकाला खरंच कळायला हवेत ते करारात, जो पन्नास-शंभर पानांचा, परिशिष्टांसकट, सामान्य माणसाच्या हातात सहज न येणारा. माझे अडीच स्टार कापले गेले ते मुख्यतः इथे.

एक्स्प्रेसवेचं उदाहरण घेते कारण तो सगळ्यांना माहिती आहे. रस्त्याबद्दल माझी तक्रार नाहीच, उलट 94.5 किलोमीटरचा सहा पदरी रस्ता, 2002 ला पूर्ण झाला, आणि ज्यांनी त्याच्या आधी जुन्या हायवेनं खंडाळ्याचा घाट चढलाय त्यांना विचारा या रस्त्यानं काय दिलं ते. तो 1996 साली स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळानं बांधला, एमएसआरडीसीनं, बहुतेक सगळा कर्ज काढून. म्हणजे हा खासगी कंपनीनं बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीनं बांधलेला रस्ता नाही, हे पण लोकांना माहीत नसतं. खासगी भागीदारी आली ती नंतर, 2004 मध्ये, जेव्हा 15 वर्षांच्या वसुलीचे हक्क आयआरबी या खासगी कंपनीला दिले आणि महामंडळाला 918 कोटी रुपये एकरकमी मिळाले. ती मुदत 2019 ला संपली, मधे काही महिने तात्पुरती व्यवस्था झाली आणि 2020 मध्ये परत दहा वर्षांसाठी त्याच कंपनीला हक्क मिळाले, यावेळी एकूण 8262 कोटींना, त्यातले 6500 कोटी आधी. आता हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. मधे सोळा वर्षं गेली, गाड्या प्रचंड वाढल्या, रुपयाची किंमत उतरली हे सगळं धरलं तरी मला वाटतं पहिल्या वेळी राज्यानं आपली वस्तू स्वस्तात दिली, कारण वाहतूक कशी वाढेल याचा अंदाज कमी धरला गेला आणि तो चुकला तर जास्तीचे पैसे कुणाचे, याचं उत्तर ग्राहकाच्या बाजूनं नव्हतं. कुठल्याही टोल करारात मी पहिलं हेच शोधते, अंदाजापेक्षा जास्त गाड्या आल्या तर काय. मुदत कमी होते का? सरकारला वाटा मिळतो का? दोन्ही नसेल तर तो करार ग्राहकासाठी वाईट, मग रस्ता कितीही गुळगुळीत असो.

दरवाढीचं पण तसंच. एक्स्प्रेसवेवर 2004 च्या अधिसूचनेतच ठरलं की दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढ. कारचा टोल 2014 ला 195, 2017 ला 230, 2020 ला 270, आणि 1 एप्रिल 2023 पासून 320. कॅल्क्युलेटर घेऊन बघा, दर वेळी तेच 18 टक्के, जवळच्या पाचाच्या पटीत. महागाई कमी असो, कोविड असो, रस्त्यावर गाड्या दुप्पट असोत, काही फरक नाही. त्याउलट राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमात वाढ दर वर्षी असते पण ती 3 टक्के अधिक घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीच्या 40 टक्के अशी बांधलेली आहे, म्हणजे निदान बाजाराशी काहीतरी नातं आहे. ठरलेल्या 18 टक्क्यांचा फायदा बँकांना होतो, कर्ज देताना त्यांना पुढची पंधरा वर्षं डोळ्यासमोर दिसतात, आणि हे मला मान्य आहे, कर्ज मिळालंच नाही तर रस्ता होणार कसा, पण कर्ज फिटल्यावरसुद्धा तेच सूत्र चालू राहतं तेव्हा ते ग्राहकानं का सोसायचं.

नाक्यावरचा अनुभव. मोठ्या एक्स्प्रेसवेचं नाही सांगत, एका राज्य मार्गावरच्या छोट्या नाक्याचं सांगते, नाव देत नाही. चार लेन, त्यातल्या दोन बंद, लेनच्या वर बांधलेला स्कॅनर माझा टॅग वाचेना. तिथला मुलगा आला हातात छोटं मशीन घेऊन, काचेला चिकटवून धरलं, मागून हॉर्न सुरू, तो म्हणाला "मॅडम जरा मागं घ्या ना". मागं घेणार कुठे, मागे ट्रक. म्हटलं दादा, बॅलन्स आहे, हे बघा मोबाईलवर. मग त्यानं बूम हातानं वर केला आणि म्हणाला जावा. वीसएक किलोमीटर पुढे गेल्यावर मेसेज आला, पैसे कटले, आणि लगेच दुसरा, परत कटले. म्हणजे वरच्या स्कॅनरनंही वाचलं होतं आणि हातातल्या मशीननंही. मुलाची काही चूक नव्हती, त्याला स्क्रीनवर काही दिसतच नव्हतं. पावती मागितली असती तर तिथेच कळलं असतं, पण ती मिळतच नाही हल्ली मागितल्याशिवाय. पैसे परत मिळाले, टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार टाकल्यावर, पण नाक्यावर जो तक्रारीचा नंबर लिहिला होता तो कुणी उचलला नाही. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा एक नंबर तरी आहे सगळीकडे. राज्याच्या नाक्यावर ज्याचा त्याचा नंबर, उचलला तर उचलला. 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झालाय, टॅग नसेल तर दुप्पट, मग एवढी सक्ती आहे तर मशीन बिघडलं तर काय हे पण तितक्याच ठळक अक्षरात नाक्यावर लिहिलेलं असायला हवं.

आता टोलमाफी, हा विषय निघाला की सगळे खूश होतात. मी पण खूश होते, 14 ऑक्टोबर 2024 ला मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर, दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी, कारचा टोल बंद झाला तेव्हा. 45 रुपये एका बाजूचे, रोज ठाण्याहून जाणाऱ्याला विचारा महिन्याचे किती वाचले. आणि रांग गेली ती वेगळीच, मुलुंडला सकाळी अर्धा अर्धा तास जायचा लोकांचा. पण ग्राहक म्हणून एक प्रश्न विचारायलाच हवा, करार तर 2010 मध्ये झाला होता, सोळा वर्षांचा, कंपनीनं 2100 कोटी आधीच दिले होते, मग मधेच कारचा टोल बंद केला तर नुकसान कुणी भरायचं? सरकारनं, म्हणजे आपणच, फक्त नाक्याऐवजी तिजोरीतून. 2015 ला जूनमध्येही हेच झालं, 12 नाके पूर्ण बंद आणि 53 नाक्यांवर कार आणि एसटीला माफी. निर्णय लोकांच्या बाजूचे होते यात वाद नाही, आणि एसटीला माफी द्यायलाच हवी होती, पण प्रत्येक वेळी मधे तोडल्याची किंमत आपण भरतो कारण मूळ करारात बाहेर पडायचा स्वस्त रस्ता ठेवलेलाच नसतो. आषाढीच्या वारीला आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना जे माफीचे पास देतात ते छानच, त्यामागे श्रद्धा आहे, गाव आहे, ती वेगळी गोष्ट.

कोल्हापूर मात्र वेगळं लिहायलाच हवं. शहरातले सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते, 220 कोटींचा प्रकल्प, खासगीकरणातून, आणि त्याच्या वसुलीसाठी शहराच्या वेशींवर नऊ नाके, तीस वर्षांसाठी. म्हणजे शिरोलीहून कोल्हापुरात बाजाराला यायचं तरी टोल. रस्त्यांच्या कामाच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्या, काही कामं अर्धवट असताना 2013 मध्ये वसुली सुरू झाली, आणि मग जे आंदोलन झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वयस्कर माणसं उन्हात रस्त्यावर उतरली, सगळे पक्ष एक झाले, 2014 च्या जानेवारीत नाके जळाले. शेवटी डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाला. मला या सगळ्यात सर्वात जास्त खटकतं ते हे की करार करताना कोल्हापूरकराला कुणी विचारलं नाही, गावातल्या गावात फिरायला टोल देशील का. महापालिकेच्या सभेत ठराव झाला, कागद पूर्ण झाले, कायद्याच्या दृष्टीनं सगळं ठीक, आणि ज्यानं पैसे द्यायचे त्याला पहिली बातमी नाका उभा राहिल्यावर. जाहीर सुनावणी हा भाग टोलच्या कायद्यात सक्तीचा असता तर हा प्रकल्प पहिल्याच सुनावणीत थांबला असता असं माझं ठाम मत आहे.

दुसरी राज्यं काय करतात? गुजरातनं 1999 लाच वेगळा पायाभूत सुविधा विकास कायदा केला, भागीदारीचे प्रकार, बोली कशी, मंडळ कोणतं हे कायद्यातच लिहिलं, देशात पहिला. आंध्रनं 2001, पंजाबनं 2002, बिहारनं 2006. कायदा वेगळा असला की एक फायदा असतो, सरकार बदललं तरी खेळाचे नियम तेच राहतात आणि कोर्टात गेलं तर बोट ठेवायला काहीतरी असतं. पण नुसता कायदा असून भागत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण उत्तर प्रदेशात आहे, दिल्ली-नोएडा डीएनडी फ्लायवे. 1997 चा करार, 2001 ला यमुनेवरचा पूल आणि रस्ता सुरू, खर्च 408 कोटी. करारात कंपनीला प्रकल्प खर्चावर वर्षाला 20 टक्के परताव्याची खात्री, आणि एखाद्या वर्षी तेवढा परतावा मिळाला नाही तर उरलेली रक्कम प्रकल्प खर्चातच मिळवायची, पुढच्या वर्षी 20 टक्के त्या वाढलेल्या रकमेवर. हे वाक्य परत वाचा. पूल बांधून झाला, वर्षं गेली, लोक रोज पैसे देतायत आणि पुलाचा "खर्च" दर वर्षी वाढतोय, आणि वसुली पूर्ण होईपर्यंत मुदत पुढे सरकत राहणार. असा हिशोब माझ्या टेबलावर आला असता तर मी फाईल परत पाठवली असती. अलाहाबाद हायकोर्टानं 26 ऑक्टोबर 2016 ला टोल बंद केला आणि सुप्रीम कोर्टानं 20 डिसेंबर 2024 ला तेच कायम केलं, कारण निविदा न काढता काम दिलं, नोएडा प्राधिकरणानं टोल बसवायचा अधिकार हद्दीबाहेर जाऊन कंपनीला दिला, वसुली कधीच होऊन गेलीये. नोएडाच्या रहिवाशांच्या संघटनेनं ही लढाई लढली, त्यांना मनापासून सलाम.

अमेरिकेतही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि तिथलं एक कलम आपल्याकडे करार वाचताना नेहमी डोक्यात ठेवावं असं आहे. कॅलिफोर्नियानं 1989 ला खासगी टोल रस्त्यांसाठी कायदा केला, त्यातून स्टेट रूट 91 च्या मधोमध टोलच्या लेन झाल्या, 1995 ला सुरू. करारात अट होती की शेजारच्या फुकटच्या लेन राज्यानं वाढवायच्या नाहीत, नाहीतर कंपनीचं नुकसान. गर्दी वाढली, फुकटच्या लेनवर अपघात आणि कोंडी, पण राज्याचे हात बांधलेले. शेवटी 2003 ला ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणानं त्या लेन 20 कोटी 75 लाख डॉलरला विकत घेतल्या, मग कुठे रुंदीकरणाचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे टोल रस्त्याला समांतर जुना रस्ता असतो ना, त्याची डागडुजी का होत नाही असा प्रश्न पडला की करारात अशी काही अट आहे का ते बघायला हवं. पर्यायी रस्ता चांगल्या अवस्थेत ठेवणं हे कायद्यानं बंधनकारक असावं, त्याशिवाय टोल रस्ता निवडलाय असं म्हणताच येत नाही, तो लादलेला असतो.

चांगल्या बाजूनं सांगायचं तर कोर्टांची भूमिका ग्राहकाकडे झुकतेय. केरळमध्ये पालियेक्कराचा टोल, तो राष्ट्रीय महामार्गावरचा आहे पण मुद्दा सगळीकडे लागू, सर्व्हिस रोडची वाट लागलेली, तासन्‌तास कोंडी, म्हणून केरळ हायकोर्टानं 6 ऑगस्ट 2025 ला वसुली चार आठवडे थांबवली आणि सुप्रीम कोर्टानंही त्याच महिन्यात त्यात हात घालायला नकार दिला, खड्ड्यातून जायला लोकांनी पैसे का द्यावेत असं स्पष्ट म्हटलं. नंतर ऑक्टोबरमध्ये वसुली परत सुरू झाली, पण टोल आणि रस्त्याची अवस्था यांचं नातं देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं मान्य केलं ही खूप मोठी गोष्ट आहे. राज्याच्या कायद्यात हे सरळ एका ओळीत यावं, अमुक इतके दिवस रस्ता ठरलेल्या दर्जाचा नसेल तर वसुली आपोआप थांबेल, प्रत्येक वेळी कुणीतरी हायकोर्टात जायची गरज नको.

आणि खासगी भागीदारीशिवाय होतच नाही असंही नाही. शिवडी-न्हावाशेवा पुलासाठी 2013 ला भागीदारीतून बोली मागवल्या होत्या, कुणी आलंच नाही. मग एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगराच्या सरकारी विकास प्राधिकरणानं, जपानच्या जायका या सरकारी संस्थेकडून कर्ज घेऊन तो बांधला, 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू म्हणून सुरू झाला, 21.8 किलोमीटर. टोल एकेरी 250, येऊनजाऊन 375. महाग आहे, पण निदान मला माहिती आहे की पैसे कर्ज फेडायला जातायत आणि मधे कुणाचा 20 टक्क्यांचा परतावा नाही. मला विचाराल तर समुद्रावरच्या पुलासारखी जोखमीची कामं सरकारनं स्वतःच करावीत आणि भागीदारी ठेवायचीच तर देखभाल आणि वसुलीपुरती, छोट्या मुदतीची, पाच-सात वर्षांची, दर वेळी नवी बोली.

उरलेले अडीच स्टार मी कशासाठी देईन तर एका साध्या पाटीसाठी. होम लोन असलं की बँक दर वर्षी स्टेटमेंट देते, मुद्दल किती, व्याज किती भरलं, बाकी किती. तसं प्रत्येक नाक्यावर मोठ्या अक्षरात लिहा, रस्त्याचा खर्च एवढा, आतापर्यंत जमा एवढे, कालच्या गाड्या एवढ्या, बाकी एवढी, वसुली अमुक तारखेला संपणार. फास्टॅगमुळे प्रत्येक गाडीची नोंद आता होतेच आहे, त्यामुळे मोजता येत नाही हे कारण उरलेलं नाही. आणि हे कलम 20 च्या अधिसूचनेतच अट म्हणून घालता येईल, नवा कायदा येईपर्यंत थांबायची पण गरज नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. राज्याच्या रस्त्यावर पैसे जास्त कटले तर 1033 वर वेळ घालवू नका, मेसेजचा स्क्रीनशॉट, नाक्याचं नाव आणि वेळ घेऊन थेट टॅग देणाऱ्या बँकेकडे डिस्प्यूट टाका. इलेक्ट्रिक कार असेल तर ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर माफी सुरू झालीये, तरी कटले तर मेसेज जपून ठेवा आणि परत मागा. आणि तुमच्या भागात नवीन टोलची अधिसूचना निघाली तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा, करार, वाहतुकीचा अंदाज आणि मुदत संपायची तारीख.